जुनी मोठी मोटारगाडी : तिचे दोष आणि दुरुस्तीचा खर्च

बैल विकत घेतांना आपला शेतकरी काय काय पाहतो हें येथें सांगण्याची गरज नाहीं. तो दांत पाहतो, खूर पाहतो, वशिंडावर हात फिरवितो, चार पावलें चालवून पाहतो, जमल्यास औताला जुंपून दोन तास मारून पाहतो, आणि मग उपरण्याखालीं बोटें धरून भाव ठरवितो. जमीन घ्यावयाची झाली तर सातबारा, फेरफार, बोजा, बांध, वहिवाटीची वाट, विहिरींतील हिस्सा, सारें उलथेंपालथें करतो. परंतु हाच चौकस गृहस्थ सहासात लाख रुपयांची जुनी मोटारगाडी घेण्यास निघाला कीं रंग पाहतो, गाण्याचें यंत्र वाजवून पाहतो, आणि बयाणा देऊन मोकळा होतो. गेल्या दोनतीन वर्षांत आमच्या कळंब तालुक्यांत असे पुष्कळ व्यवहार आम्हीं जवळून पाहिले. त्यांतील एक तर आमच्याच घरांतील असून त्याचा हिशेब आमच्याजवळ लिहिलेला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आमच्या धाराशिव जिल्ह्यांत मोठी, उंच, मजबूत सांगाड्याची गाडी ही निव्वळ हौस नव्हे. वाशी, भूम, परंडा या बाजूचे बालाघाटाचे उतार, उसाच्या ट्रॉल्यांनीं खोल केलेल्या चाकोऱ्या, आणि पावसाळ्यांतील काळ्या रानाचा चिखल यांतून लहान गाडी जात नाहीं. खतांचीं पोतीं, फवारणीचें सामान, द्राक्षाचीं खोकीं आणि घरचीं सहा माणसें एकाच खेपेंत न्यावयाचीं तर जागाही हवी. मुंबईस १९४७ सालीं विलीज जीप जोडून विकण्यास प्रारंभ झाला तेव्हांपासून ही गरज कंपन्यांनीं ओळखली आहे. पुढें १९९४ मध्यें टाटांची सुमो आली, १९९८ मध्यें सफारी आली. महिंद्रांची बोलेरो २००० सालीं व स्कॉर्पिओ २००२ सालीं निघाली. त्या दोन्ही नाशिकच्या कारखान्यांत तयार होतात. टोयोटाची फॉर्च्यूनर आपल्या देशांत २००९ सालीं विकावयास आली. आज तालुक्याच्या बाजारदिवशीं जीं वाहनें झाडाखालीं उभीं दिसतात, तीं बहुतेक याच वंशावळींतील असतात.

नव्या गाडीची किंमत पाहिली कीं जुन्या गाडीकडे मन वळतें हेंही स्वाभाविक आहे. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील वस्तु व सेवा कर, जो अधिभार धरून ५० टक्क्यांच्या आसपास जात असे, तो ४० टक्क्यांवर आला आहे. नव्या मालाचा भाव उतरल्यावर जुन्याचाही उतरला पाहिजे. दलाल ही गोष्ट आपण होऊन सांगणार नाहींत. ती आपण त्यांस सांगावी.

आतां घरची हकीकत. आमच्या थोरल्या बंधूंनीं, ज्यांस सर्व घर अण्णा म्हणतें, परप्रांतांतून आलेली नऊ वर्षांची एक मोठी डिझेल गाडी ६ लाख ७५ हजारांस घेतली. कोणत्या कंपनीची व कोणाकडून हें सांगण्याचें कारण नाहीं, कारण तो दोष कंपनीचा नव्हता, आमच्या घाईचा होता. किलोमीटरच्या कांट्यावर १ लाख १० हजारांचा आंकडा होता. गाडी धुऊन पुसून अशी चकचकीत केली होती कीं इंजिनावर बोट फिरविलें तरी धूळ लागेना. आमच्या नेहमीच्या मिस्त्रीनें पुढें सांगितलें कीं, “अण्णा, जुन्या इंजिनावर थोडी धूळ, थोडा तेलाचा ओलावा असायलाच पाहिजे. जें धुतलंय तें कशासाठी धुतलंय, तें आधी विचारायचं.” पण तें त्यांनीं आठ महिने उशिरा विचारलें.

त्या आठ महिन्यांत झालेला खर्च असा : टर्बो बदलण्यास ३८ हजार, चार इंजेक्टर दुरुस्त करण्यास २६ हजार, रेडिएटर व हेड गॅस्केट यांस ४६ हजार ५००, क्लच २४ हजार, चार टायर ४२ हजार, पुढील सस्पेन्शनचें काम १७ हजार ५००, बॅटरी ७ हजार ५००. एकूण २ लाख १ हजार ५०० रुपये. सोयाबीनची २०२५-२६ च्या हंगामाची आधारभूत किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या भावानें हे पावणेअडतीस क्विंटल सोयाबीन झालें. आमच्या कोरडवाहू रानांत एकरीं सहासात क्विंटल निघालें तर आम्ही देवाचे आभार मानतों. म्हणजे सुमारें सहा एकरांचें सबंध पीक, बी-खत-मजुरी वजा न करितां, गाडीच्या पोटांत गेलें. आणि हमीभाव बाजारांत प्रत्यक्ष मिळतो किती, हें वाचकांस आम्हांपेक्षां अधिक ठाऊक आहे.

यांतील निम्मा खर्च टळण्यासारखा होता, किंवा निदान खरेदीच्या वेळीं किंमतींतून वजा करून घेण्यासारखा होता. तो कसा, हें यंत्राच्या एकेका अवयवावरून पाहूं.

इंजिनाची परीक्षा थंड असतांनाच करावी. विकणारा मनुष्य गाडी आधींच सुरू करून ठेवतो व “आतांच फिरून आलों” म्हणतो. अशा वेळीं चहा घेऊन दोन तास बसावें, पण गाडी थंड होऊं द्यावी. सुरू करितांना धूर कोणत्या रंगाचा निघतो तें पाहावें. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतें जळत नाहीं : हवेची गाळणी तुंबली असेल, इंजेक्टर झिजले असतील किंवा टर्बो पुरेशी हवा देत नसेल. निळसर धूर म्हणजे वंगणाचें तेल जळतें आहे, आणि हा धूर सर्वांत महागाचा. पांढरा धूर थंडींत क्षणभर दिसला तर भिऊं नये. परंतु इंजिन तापल्यावरही तो राहिला व रेडिएटरचें पाणी कमी होत असलें, तर पाणी सिलिंडरमध्यें शिरतें आहे असें समजावें. नंतर इंजिन चालू असतां तेल घालावयाचें झांकण सैल करून उलटें ठेवावें. थोडी वाफ येणें स्वाभाविक आहे. पण धुराचे लोट येऊन झांकण उडूं लागलें, तर पिस्टनच्या कड्या झिजल्या आहेत. असें इंजिन खोलून पुन्हां बांधावयाचें म्हटल्यास गाडीच्या मानानें सव्वा ते दोन लाख रुपये लागतात. अण्णांच्या गाडींत सुदैवानें हा दोष नव्हता, एवढेंच त्या व्यवहारांतील पुण्य.

टर्बो हें काय प्रकरण आहे हें समजून घेतलें तर तें लवकर कां बिघडतें हें आपोआप कळतें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर फिरणारें तें एक लहान चक्र आहे. दुसऱ्या टोंकाचें चक्र बाहेरची हवा कोंबून आंत सोडतें. त्याचे फेरे मिनिटास लाखावर जातात. एवढ्या वेगांतील दांड्याला आधार असतो तो केवळ तेलाच्या पातळ थराचा. घाट चढून आल्याबरोबर चावी फिरवून गाडी बंद केली, कीं तेलाचा पंप थांबतो आणि तापलेल्या टर्बोंतील तेल जागच्या जागीं जळून कोळसा होतें. येरमाळ्याच्या चढानंतर चहाच्या टपरीवर थांबतांना एक मिनिट इंजिन नुसतें चालू ठेवावें. त्यास डिझेल चमचाभर लागतें. तेल व तेलाची गाळणी ठरल्या वेळीं बदललेली नसेल तर टर्बोचें आयुष्य अर्ध्यावर येतें. टर्बो आंतून दुरुस्त करून घेतल्यास १५ ते २५ हजार, नवा बसविल्यास ३५ हजारांपासून पुढें, आणि परदेशी बनावटीच्या मोठ्या गाडीस याहून बराच अधिक खर्च येतो. परीक्षा सोपी आहे : हवेची नळी सोडून चक्राचा दांडा बोटांनीं हलवून पाहावा. वर-खालीं खडखड हलला किंवा नळींत तेल ओघळलेलें दिसलें, तर किंमत कमी करावी.

डिझेलविषयीं आपल्या शेतकऱ्यांचा एक दोष स्पष्ट लिहिला पाहिजे. ट्रॅक्टर व जुनें पंपाचें इंजिन यांसाठीं आपण बॅरलमध्यें डिझेल सांठवितों. बॅरलचें तोंड उघडें, तळाशीं गंज व पाणी. जुन्या इंजिनास त्याचें कांहीं वाटत नसे. आतांच्या कॉमन रेल पद्धतींत मात्र डिझेलवर १६०० बार किंवा त्याहून अधिक दाब असतो. आपल्या सभोंवतालच्या हवेचा दाब सुमारें एक बार धरतात, यावरून कल्पना करावी. एवढ्या दाबाखालीं पाण्याचा थेंब किंवा गंजाचा कण इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांतून गेला तर तो कानशीसारखें काम करतो. गाडी मागें डिझेल परत किती सोडते याची बाटल्या लावून परीक्षा करितां येते. चारांपैकीं एका बाटलींत अधिक डिझेल सांचलें तर तो इंजेक्टर गेला. दुरुस्ती दर इंजेक्टरला चार ते आठ हजार, नवा घेतल्यास १५ हजारांपासून ३० हजारांपर्यंत. बॅरलचें डिझेल मोटारींत घालूं नये. घालणेंच भाग पडलें तर निवळून व गाळून घालावें.

आमच्या जिल्ह्यांतील गाड्यांचा खरा शत्रु मात्र पाणी हा आहे, आणि तोही दोन प्रकारचा. पहिला म्हणजे बोअरचें पाणी. घरच्या हांड्याच्या तळाशीं जो पांढरा खडबडीत थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. इंजिनास शीतक द्रव आणि शुद्ध केलेलें पाणी यांचें मिश्रण लागतें. परंतु उन्हाळ्यांत कांटा वर गेला कीं चालक जवळच्या बोअरवर जाऊन कॅन भरून ओततो. दुष्काळांत तर जें मिळेल तें. असें दोन वर्षें झालें म्हणजे नळ्या तुंबतात, इंजिन तापतें, हेडला पीळ बसतो आणि गॅस्केट जळतें. अण्णांच्या गाडीचे ४६ हजार ५०० येथें गेले. आधींच्या मालकानें पाण्याऐवजीं द्रव घातला असता तर हजार दीड हजारांत काम भागलें असतें. म्हणून थंड गाडीचें रेडिएटरचें झांकण काढून आंत पाहावें. हिरवा, लाल किंवा निळा स्वच्छ द्रव असेल तर उत्तम. तांबूस गढूळ पाणी असेल तर शंका घ्यावी. वर तेलाचा तवंग असेल तर उठून चालूं लागावें. तापलेल्या इंजिनाचें हें झांकण मात्र कदापि काढूं नये. वाफेनें तोंड भाजलेलीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत.

दुसरें पाणी पुराचें. मुंबईचा २६ जुलै २००५ चा पूर, चेन्नईचा २०१५ चा, सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा, आणि सप्टेंबर २०२५ मध्यें खुद्द आपल्या मराठवाड्यांत झालेली अतिवृष्टि, या प्रत्येक वेळीं पुष्कळ वाहनें बुडालीं. बुडालेलें वाहन वाळवून, धुवून, अत्तर मारून दूरच्या जिल्ह्यांत विकलें जातें. सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा. मातीचा डाग तेथें राहतो. गालिचा उचलावा, जादा चाकाच्या खळग्यांत हात घालावा, डॅशबोर्डाखालील लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का पाहावें. अशा गाडीच्या विजेच्या तारा दोनतीन वर्षें एकामागून एक तक्रार करीत राहतात, आणि मिस्त्रीसही मूळ सांपडत नाहीं.

तारांवरून आठवलें. शेतांतील पत्र्याखालीं गाडी ठेवणाऱ्यांस उंदीर हा मोठा उपद्रव आहे. कडब्याच्या गंजीशेजारीं उभ्या केलेल्या एका पाहुण्याच्या गाडीचा तारांचा सबंध जुडगा उंदरांनीं आठवड्यांत कुरतडला. गाडी कडबा व धान्य यांपासून दूर ठेवावी आणि रात्रीं बॉनेट उघडें ठेवावें, एवढाच उपाय आम्हांस गुणकारी वाटला.

चालीची परीक्षा रस्त्यावर करावी. क्लच गेला असेल तर चौथ्या-पांचव्या गिअरमध्यें जोर देतांच इंजिनाचा आवाज वाढतो व वेग वाढत नाहीं. ट्रॉली ओढण्याची किंवा चिखलांतून दुसऱ्यास काढण्याची ज्या गाडीस संवय, तिचा क्लच लवकर झिजतो. मोठ्या गाडीचा सबंध संच १८ ते ३० हजारांत बसतो. जेथें दुहेरी फ्लायव्हील आहे तेथें तोही बदलावा लागल्यास रक्कम दुपटीवर जाते. पुढील चाकांचे बॉल जॉइंट, बुश, बेअरिंग हीं आमच्या रस्त्यांवर खर्चाचीं नेहमींचीं ठिकाणें होत. खड्ड्यांतून जातांना ठकठक ऐकूं आली तर १० ते २० हजार बाजूस ठेवावे. टायरच्या बाजूस शेवटीं चार आंकडे असतात, ते घडणीचा आठवडा व साल दाखवितात; ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहासात वर्षांचे टायर बदलण्याचेच समजावे.

फॉर्च्यूनरच्या मोहानें घर विकणाऱ्यांसाठीं दोन शब्द. २००९ ते २०१६ पर्यंतच्या तीन लिटर इंजिनाच्या फॉर्च्यूनरमध्यें टायमिंगचा पट्टा रबरी असतो, व सुमारें दीड लाख किलोमीटरला तो बदलावा लागतो. तो चालतां चालतां तुटला तर व्हॉल्व व पिस्टन एकमेकांवर आदळतात. कित्येक दुसऱ्या इंजिनांत, उदाहरणार्थ स्कॉर्पिओच्या एमहॉकमध्यें, पट्ट्याऐवजीं सांखळी असते. पट्टा बदलल्याची पावती नसेल तर तो बदलला नाहीं असेंच धरावें. फॉर्च्यूनर टिकते खरी. पण जें बिघडेल तें तिच्या मोलानें बिघडतें. चारचाकी जोराची गाडी घेणार असाल तर तो जोर मातींत लावून पाहावा, डांबरी सडकेवर नव्हे. बहुतेक जुन्या रचनांत डांबरी रस्त्यावर चारी चाकें जोडून वळणें घेतल्यास गिअरांवर ताण येतो. आणि वर्षांतून दोन दिवसांच्या चिखलासाठीं हा जादा खर्च करावा का, याचा विचार ज्यानें त्यानें करावा. आमच्या मतें ट्रॅक्टर दारीं असतां बहुतेकांस त्याची गरज नाहीं.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत धुरांतील काजळी अडविणारी एक गाळणी असते. ती आपोआप साफ होण्यास मोठ्या रस्त्यावर सलग वीसएक मिनिटें चांगल्या वेगाची धांव लागते. घर ते मळा चार किलोमीटर व परत, असा ज्याचा वापर, त्याची गाळणी तुंबतेच. इशाऱ्याचा दिवा लागला कीं सोलापूर किंवा हैदराबादच्या महामार्गावर एक फेरी करून यावें. दिवा लागून महिना गेला तर हजारांत भागणारें काम लाखाच्या घरांत जातें. आतां या गाड्या जुन्या बाजारांत येऊं लागल्या आहेत, म्हणून हें लिहिलें.

कांट्यावरील किलोमीटरवर विश्वास ठेवूं नये. तो आंकडा मागें फिरविणें पांच-दहा मिनिटांचें काम आहे. कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रांत गाडीच्या नंबरावरून मागील कामांची नोंद बहुधा मिळते. आम्हीं ती खरेदीनंतर काढली, तेव्हां चार वर्षांपूर्वींच १ लाख ६४ हजार किलोमीटर झाल्याचें लिहिलेलें आढळलें! ब्रेक-क्लचच्या पायदानांचें रबर, सुकाणूच्या चाकाची झीज, चालकाच्या बैठकीची बसलेली गादी, हे साक्षीदार खोटें बोलत नाहींत. दलालाच्या ओळखीचा नसलेला मिस्त्री दीडदोन हजार देऊन बरोबर न्यावा. सहासात लाखांच्या व्यवहारांत ही रक्कम अडत्याच्या हमालीएवढीही नाहीं.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा, पण येथेंच घरें बुडतात. राष्ट्रीय हरित अधिकरणानें २०१५ सालीं दिल्ली व परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस मनाई केली, सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें ती कायम ठेवली. पुढें २०२५ मध्यें त्या हुकुमांत कांहीं फेरफार झाले. या मनाईमुळें तिकडील गाड्या इकडे स्वस्तांत आल्या. परंतु परराज्यांतील गाडीस तेथील परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, लागतो. येथें पुन्हां कर भरून एम्.एच्. २५ चा नवा क्रमांक घ्यावा लागतो. ही रक्कम किंमतींत मिळविली म्हणजे स्वस्ताई पुष्कळ ओसरते. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर नमुना ३५ वर सावकाराची सही घेऊन तो उतरविलेला पाहावा. सातबाऱ्यावरील बोजाप्रमाणेंच हें आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षें चालते, नंतर दर ५ वर्षांनीं तपासणी करून नवी करावी लागते, व १ एप्रिल २०२२ पासून तिची फी बरीच वाढली आहे. चौदा वर्षांची गाडी घेणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

विकणाराही यांतून सुटत नाहीं. मोटार वाहन कायद्याप्रमाणें त्याच राज्यांतील व्यवहार असेल तर विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत कळवावयाचें असतें. नमुने २९ व ३० त्यासाठींच आहेत. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें स्पष्ट केलें आहे कीं, दप्तरीं ज्याचें नांव, अपघाताच्या भरपाईस तोच जबाबदार. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून गाडी दलालाच्या हवालीं करणारे आमचे कित्येक बंधु आहेत. त्यांची गाडी कोण, कोठें, कोणत्या अवस्थेंत चालवितो हें त्यांस ठाऊकही नसतें. विम्याचें हस्तांतरही घेणाऱ्यानें १४ दिवसांत मागावें. आणि नवरात्रांत तुळजापूरच्या यात्रेकरूंची भाड्यानें ने-आण करून हप्ता सुटेल अशी जी आशा दलाल दाखवितात, तींत पडूं नये : खासगी नोंदणीच्या गाडीनें भाडें केलें आणि वाटेंत कांहीं घडलें, तर विमा कंपनी त्याच कारणावरून पैसे नाकारूं शकते.

अण्णांची गाडी हल्लीं ठीक चालते. वर्षाकाठीं बारा हजार किलोमीटर होतात, लिटरला बारा किलोमीटर धरल्यास हजार लिटर डिझेल, म्हणजे ९० हजार रुपयांच्या आसपास. त्यावर विमा, तेल व किरकोळ कामें. त्यांनीं प्रत्येक पावती तारीखवार एका वहींत चिकटविली असून, ज्या सभासदांस जुनी गाडी घ्यावयाची आहे त्यांस ती वही आमच्या घरीं येऊन पाहतां येईल. येतांना गाडीही आणली तर मिस्त्रीस बोलावून तिचें तेलाचें झांकण उघडून पाहतां येईल.